गोदीतला लालासाहेब

—आवं त्या खुर्चीवर नका बसू म्याडम, तिचा मागचा पाय निखळलाय, पावणं बसलं की पावणंच आडवं हुतंय. हितं बसा, बाजल्यावर. धूळ न्हाई, बसा निवांत — म्युझियमचं सायेब येणार म्हणून आमच्या मंडळीनं, अंजनानं, सकाळपास्नं चारदा झाडून काढलंय, आन् सायेब म्हणून आली ही एवढीशी पोरगी! रागावू नका, लेकीसारख्या हायसा म्हणून म्हणलो. पाणी घ्या आधी. कुंभार्ली घाट चढून आलासा न्हवं? तुमच्या डायवरचं तोंड बघूनच कळलं मला. कोकणातला माणूस समुद्रावर धा तास डुलंल, पण कोयनानगरच्या अलीकडची ती चार वळणं आली की सकाळचा नाष्टा हातात घिऊन बसतोय. त्येला म्हणावं त्या आंब्याखाली जरा आडवा हो, लिंबू चोख, आन् आमच्या म्हशीला हात लावू नको.

व्हय व्हय, लालासाहेब मीच. कुंडलच्या ह्या मळ्यात दुसरा लालासाहेब न्हाई, तुमी शिवारात कुणालाबी इचारा. द्या बघू तो कागद. चष्मा कशाला, अक्षर ठसठशीत हाय की — ‘जुन्या आरमारी गोदीचे अखेरचे कामगार, श्री. लालासाहेब यांस सस्नेह निमंत्रण.’ वा! शिक्का बी हाय, आन् न्यायला गाडी बी आलीया. आवं वाचता येतंय की मला, सातवी पास हाय मी. त्या काळची सातवी. त्या सातवीनंच तर सगळा घोळ — जाऊ द्या, ती गोष्ट येगळी. आन् हितं काय लिवलंय, ‘आपले पूर्णाकृती छायाचित्र प्रवेशद्वारी लावण्यात आले आहे.’ पूर्णाकृती म्हंजे माणसाएवढं? आरं तिच्या! म्हंजे रविवारी म्युझियम उघडलं की लोकं तिकीट काढून आत येणार, आन् पयलं कुणाला बघणार, तर लालासाहेबाला. सरपंच वीरधवल म्हणतोय, आबा, गावाच्या येशीवर बी तुमचा एक बोर्ड लावतो. त्येला काय, बोर्ड लावायला निमित्त पायजे. हाटेलात गेलो की पोरं उठून सलाम ठोकत्यात — कप्तान आलं, कप्तान आलं! चिडवत्यात ओ. पण खुर्ची देत्यात, ही बी गोष्ट खरी.

हे काय, मोबाईल मधी ठेवलासा? रेकॉर्डिंग? ठेवा की, मला काय भ्या हाय. माझा आवाज त्या म्युझियमात बटण दाबलं की ऐकू येणार म्हणताय, मग जरा खाकरून घेतो. — कोण, त्यो? त्यो व्हय, त्या गोठ्याच्या दारात दोरी वळत बसल्याला? त्यो आमचा भाऊसो. धाकटा भाऊ. दोन वर्षाचं अंतर हाय आमच्यात. त्यो न्हाई बोलायचा. दोन सालामागं अंगावरनं वारं गेलं त्येच्या, पाय आला परत, वाचा काय आली न्हाई. कान मातूर लय तिखट हायेत, हितं आपण बोलतोय ते सगळं त्येच्या कानात पडतंय. पडू दे. त्येला काय नवीन हाय त्यात. राम राम केलासा? बरं केलं. मान हलवली बघा त्येनं. आता त्येच्याकडं नका बघू, माझ्याकडं बघा, लालासाहेब हितं बसलाय.

तर तुमाला गोदी पायजे. ऐका. सुकी गोदी म्हंजे काय, लोकांस्नी वाटतं लय मोठं इंजनेरी काम. काय न्हाई ओ, विहीर उपसायचीच तऱ्हा ती. दगडी हौद, आपल्या शाळेच्या पटांगणाच्या दुप्पट लांब, एका तोंडाला लोखंडाची झडप. भरती आली की झडप उघडायची, बोट आत घ्यायची, झडप लावायची, आन् पंप सुरू. पाणी उतरायला लागलं की बोट बी खाली उतरतीया, हळूहळू, आन् तळाला सागवानी ठोकळं मांडून ठेवल्यालं असत्यात, त्यावर बसतीया. बसतीया म्हंजे बसवायला लागतीया. एक ठोकळा अंगठाभर इकडं-तिकडं झाला की हजार मणाची बोट कलली, मग हाय सगळ्यांचं बारावं. म्हणून पाणी छातीएवढं असतानाच गड्यांनी आत उतरायचं, दोन्ही बाजूनं टेकू लावायचं, आन् पाचरी ठोकायच्या. आन् पाणी पार आटलं की — हे तुमच्या पुस्तकात नसंल, लिवून घ्या — तळाला मासंच मासं! भरतीबरोबर आत आल्यालं, फडफडत असायचं. मग सायेब वर झडपेवर उभा राहून वरडतोय, काम करा, काम करा, आन् खाली सगळी गोदी बादल्या घिऊन माशामागं! सायबाला एक बांगडा पोचवला की त्यो बी गप.

बेचाळीस पायऱ्या हायेत खाली उतरायला. सव्विसावी फुटल्याली हाय, तितं पाय जपून. — अजून तशीच हाय? बघा! तुमी नकाशा बघून सांगणार, मी डोळं मिटून सांगतो. पंपघर डाव्या हाताला, त्येच्या मागं सुताराचं शेड, शेडात घंटा. घंटेला एक चीर हाय, म्हणून तिचा आवाज फुटक्या भांड्यासारखा येतोय. लालासाहेबाला इचारा, काय बी इचारा. — समुद्र? समुद्र पयल्यांदा बघितला तवा काय वाटलं? …समुद्र म्हंजे… पाणीच की ओ. लय पाणी. आपल्या कृष्णामाईला पूर आला की कसं, पल्याडचा काठ दिसत न्हाई, तसं. रंग? रंग… निळा. निळाच असतोय न्हवं? का हसताय? मातकट? असंल, आमच्या टायमाला निळा हुता. आमचं ध्यान कामात, रंग कोण बघत बसतंय. तुमी गोदीचं इचारा, समुद्राचं काय घिऊन बसलाय.

त्या म्हशीच्या दाव्याकडं बघताय व्हय? नजर तेज हाय तुमची. ती गाठ गोदीतलीच. बोट बांधायची गाठ हाय ती, जितकी ओढंल तितकी आवळतीया. कुणी बांधली म्हंजे? मीच बांधली. — सोडून दावू? आत्ता? आवं म्हस मारकी हाय. न्हाई, तशी गरीब हाय, पण अनोळखी माणूस बघितला की — बरं, खरं सांगतो, मला न्हाई सुटत ती. रोज सांजच्याला ही म्हस पाण्यावर न्यायची म्हंजे मला ‘ए भाऊ, ए भाऊ’ म्हणून हाका माराव्या लागत्यात. त्यो येतोय, एका बोटानं एक टोक असं ढकलतोय, आन् सगळी गाठ गळून पडतीया. माझ्याकडं बघून हसतोय बी वरनं. वाचा गेली, खोडी न्हाई गेली. — न्हाई, त्येला मीच शिकवली की गाठ. मीच. तुमी लिवा, गाठीचं ऱ्हाऊ द्या, पाचरींचं लिवा.

पाचर. ती खरी कला. घण मारायचा, पण जोरानं न्हाई, कानानं. पयल्या घावाला लाकूड ‘ठक’ म्हणतंय, मग ‘ठम्’, आन् पाचर पुरी बसली की आवाजच बदलतोय, आतनं येतोय, पोटातनं. तितं थांबायचं. एक घाव जादा झाला की ठोकळा सरकला. असं अडतीस वर्षं, म्याडम, अडतीस वर्षं. लिवा, लालासाहेबानं ह्या हातानं, ही बघा, ह्या धा बोटांनी गोदीतली एक न् एक बोट —

काय झालं? काय बघताय हाताकडं? — माती हाय ओ ती, सकाळी पाट फिरवला, ती हाय. — फोटू? आत्ता कशाला काढताय फोटू, म्युझियमात बघूच की रविवारी. द्या बघू. …व्हय. ह्योच. टेकूवर हात ठेवून उभा हाय. मागं बोट. केस बघा कसं उभं राहिल्यात. मोठा करून दावताय व्हय, दोन बोटांनी असं ताणलं की मोठा हुतोय… डावा हात. व्हय, दिसतंय की मला. दोन बोटं न्हाईत. करंगळी आन् तिच्या शेजारची. — आवं फोटू जुना हाय. — म्हंजे, त्यानंतर… त्यानंतर काय सांगू म्याडम तुमाला, बोटं काय ऊस हाय, खोडव्याला परत फुटायला! न्हाई फुटत. एकदा तुटली ती तुटली.

बघा, आता त्येच्याकडं बघा. मघाशी मी म्हणलं नका बघू, आता म्हणतो बघा. दोरी वळतोय न्हवं? डाव्या हाताकडं बघा त्येच्या. मोजा. — झालं? झालं मोजून? मग आता आधी ते तांबडं टिपकं बंद करा त्या मोबाईलचं. बंद केलंसा? शपथ? बरं. आगं ए अंजना, च्या टाक गं, दोन न्हाई, चार कप, ह्यांस्नी चक्कर आल्यासारखी झालीया. — च्या पिऊ, मग सांगतो. न्हाई, आत्ताच सांगतो. सांगितल्याबिगर मला च्या उतरायची न्हाई.

भात्तर साल. दुष्काळ. आमच्या वरच्या मळ्यात विहिरीच्या तळाला बेडूक दिसत हुतं. आन् सांगलीला गोदीतल्या खलाशाची भरती निघाली. अट काय, तर सातवी पास आन् पोहता आलं पायजे. सातवी पास मी. भाऊसोनं तिसरीतच पाटी फेकल्याली, तालमीत असायचा दिसभर, शंभर जोर, दोनशे बैठका, मातीत लोळून वर दूध पिऊन झोपायचा. आन् मला — हसू नका हां — मला पोहायला येत न्हाई. मळ्यात दोन विहिरी, कृष्णामाई चार कोसावर, आन् एकोणीस वर्षाच्या घोड्याच्या पाठीला डबा बांधून सोडायला लागायचं. डबा सोडला की मी तळाला. जायचं मातूर मलाच हुतं. भूगोलाच्या पुस्तकात बोटीचं चित्र हुतं, ते फाडून मी दप्तरात ठेवल्यालं. मग मी भाऊसोला म्हणलं, भावा, एवढं एक काम कर, माझ्या नावानं तेवढं पोहून दे. पोहलास की तू घरला, मी बोटीवर. त्यो म्हणला, पोहायचं न्हवं, त्यात काय. कृष्णेला कोयनेचं पाणी सोडलं हुतं, घाटावर टेबल मांडून सायेब बसल्यालं. हाक आली, ‘लालासाहेब!’ ह्येनं लंगोटावरच उडी मारली, पल्याड जाऊन आला, सायेब खूश. ह्यो वर आला तसा शिपायानं त्येला धरला, तसाच वल्ला, बाजूच्या स्टुलावर बसवला, आन् समोर पेटीवाला फोटूग्राफर — खाट् करून फोटू! वल्लं केस, उघडं अंग, टावेल खांद्यावर. आन् त्यो फोटू डिंकानं माझ्या फार्मावर चिकटवला, वर शिक्का, शिक्का निम्मा फोटूवर, निम्मा कागदावर. झालं. माझं नाव, माझी सातवी, आन् थोबाड ह्येचं. मी पिंपळाखाली कापडं सांभाळत उभा. काय करणार? सायबाला जाऊन सांगू, ह्यो मी न्हवं? दोघांच्या बी हातात बेड्या पडल्या असत्या.

चार दिसांनी बोलावणं आलं. घरात कुणी रडलं न्हाई, कुणी हसलं न्हाई. दादा, आमचं वडील, म्हणलं, फोटू ज्येचा त्येनं जायचं. भाऊसो रातभर तालमीत जाऊन बसला हुता. येत्या जत्रंला त्येची कुस्ती लागल्याली, ढालीची कुस्ती. त्येला न्हवतं जायचं, पोरी. त्येला समुद्राशी काय बी घेणं न्हवतं. मला जायचं हुतं. आन् सकाळच्याला त्यो माझं नाव घिऊन किर्लोस्करवाडीच्या टेसनात गाडीत बसला, आन् मी त्येचा लंगोट वाळत घातल्याला काढून आणला. तुमी हसताय. हसा. मी बी हसतो ही गोष्ट सांगताना. गावात सगळ्यांस्नी म्हाईत हाय ही गोष्ट, पोराटोरांस्नी म्हाईत हाय, पण पन्नास वर्षात एका माणसानं गावाभायेर तोंड उघडलं न्हाई. चिडवत्यात मला, पण आपसात. आज मीच फुटलो, ते बी एका लेकीसारख्या सायबापुढं, आन् आजून च्या बी आली न्हाई.

पत्रांची गंमत सांगू? पयलं पत्र आलं, पोस्टमन अर्जुना मळ्यात येऊन उभा. पाठवणार लालासाहेब, मिळणार बी लालासाहेब. अर्जुना म्हणतोय, लाला, तुला सोताला पत्र लिवायची काय गरज पडली रं, घरात कुणी बोलत न्हाई व्हय तुझ्याशी? तवापास्नं अंजनाच्या नावानं पत्रं यायची. आन् ह्यो रजेवर आला की मी त्येला झोपू द्यायचो न्हाई. पायऱ्या किती? झडप कशी? पंप कुठल्या बाजूला? त्यो जेवत असायचा, मी इचारत असायचो. त्यो कट्टाळून म्हणायचा, लाला, दगडाचा हौद हाय रं त्यो, त्यात काय एवढं. त्येला हौद दिसायचा. मला बोट दिसायची. म्हणून सांगतो, गोदीत त्यो हुता, पण गोदी पाठ मला हाय. मघाशी मी बोललो त्यातलं एक अक्षर खोटं न्हाई — समुद्राचं सोडून. समुद्र मी बघितला न्हाई. कवाच न्हाई. पाचगणीला एकदा लग्नाला गेल्तो, तितनं खाली धोम धरणाचं पाणी दिसलं, तेवढंच.

मग एकदा तरी जायचं न्हाई व्हय, म्हणताय. कसं जायचं? दोन लालासाहेब एका गोदीत? कुणी हाक मारली आन् दोघं बी ‘जी’ म्हणालो तर? — लगीन न्हाई झालं त्येचं. …कशानं म्हंजे? तालमीतला गडी, कायम नोकरी, दिसायला माझ्यापेक्षा उजवा, हजारदा उजवा. कडेगावाकडची पोरगी हुती. बघाबघी झाली, पोरीला बी पसंत हुता, त्येला तर — त्यो आठ दिवस आंघोळीला विहिरीवर गेला की गाणं म्हणायचा, त्येचा आवाज म्हंजे… आता काय सांगायचं आवाजाचं. तर पोरीचा बाप हुशार. त्येनं गुपचूप गोदीत माणूस धाडला, चौकशीला. माणूस फाटकात उभा राहून इचारतोय, कुंडलचा भाऊसो हितं कामाला हाय का? फाटकवाल्यानं रजिस्टर बघितलं. भाऊसो नावाचा कुणी न्हाई म्हणला. कधीच न्हवता. माणूस तसाच माघारी. पोरगा नोकरीचं खोटं सांगतोय म्हणून मोडलं लगीन. आमी जाऊन काय सांगणार हुतो त्या बापाला? सांगितलं असतं तर नोकरी जात हुती, न्हाई सांगितलं तर पोरगी. मी म्हणलं भावा, सांगू खरं, होऊ दे काय व्हायचं ते. त्यो म्हणला, गप बस लाला, नोकरी गेली तर दादांचं औषीद कुठनं आणू. बस्स. परत कवा कुणाला बघायला गेला न्हाई. आन् बोटं गेली ना त्येची, त्या ठोकळ्याखाली, तवा दवाखान्यातनं त्येनं पत्र धाडलं अंजनाला, ‘वहिनी, लालाला सांगा, तुझी दोन बोटं गेली, वाईट वाटून घेऊ नको.’ तुझी दोन बोटं! …असा चावट हाय. आजून तसाच हाय. बघा, दात काढतोय, ऐकतोय सगळं.

आली च्या. घ्या, गुळाची हाय. — व्हय, आता इचारलासा तेच. मग रविवारी कोण येणार? कागदावर लालासाहेब हाय. लालासाहेब मी. आधारकार्ड दावू? आन् म्याडम, तुमीच सांगा, त्यो येऊन काय करणार? त्येला बोलता येत न्हाई. तितं पावणं इचारणार, आबा, जुन्या आठवणी सांगा, आन् ह्यो मुंडी हलवणार! मी कसं, घडाघडा सांगंन, मासं सांगंन, पाचर सांगंन, लोकं टाळ्या वाजवतील. हात खिशात ठेवीन फोटू काढताना. त्येच्या कळवळ्यानं सांगतो असं न्हाई, खरं सांगतो, मला जायचंय. पन्नास वर्षं जायचंय मला. बेचाळीस पायऱ्या एकदा उतरायच्यात. आन् ह्यात कुणाचं काय जातंय? नाव माझं, फोटू त्येचा, आवाज माझा, बोटं त्येची, निम्मं-निम्मं की. त्येला मी इचारलं बी आठ दिसामागं. इचारलं, भावा, मी जाऊ? त्येनं मान हलवली. हो म्हणूनच हलवली. अंधार पडला हुता, पण हो म्हणूनच. फेटा आणलाय मी कऱ्हाडवरनं, गुलाबी. दावतो तुमाला. आगं, ती माझी पिशवी आण गं भायेर, गाडीत ठेवायचीच हाय आता.

ही बघा. तिनं कालच भरून ठेवलीया, बायकोनं पिशवी भरावी तर अशी, घडीवर घडी. फेटा तळाला असंल. …ह्यो सदरा माझा न्हाई. अंजना, ह्यो त्येचा सदरा हाय की. आन् ह्या गोळ्या… सकाळ-सांजच्या, त्येच्या गोळ्या हायेत ह्या. त्येचा सेटर. त्येची कानटोपी, घाटात गार लागतंय म्हणून. सगळं त्येचंच… आगं, चुकून त्येची पिशवी — न्हाई? चुकून न्हाई? दारात उभी राहून काय बघतीयास अशी माझ्याकडं? आन् तू नवं लुगडं कवा नेसलीस?

…थांबा म्याडम. च्या संपवा तुमी. मला जरा बसू द्या.

काय हाय, ही बाई पन्नास वर्षात मला कधी उलटून बोलली न्हाई. बोलतच न्हाई ती, करून मोकळी हुती. कुणाला धाडायचं ते तिला आठ दिस झालं म्हाईत हाय, आन् मी आपला हाटेलात कप्तान म्हणून मिरवतोय. तिनं आडवलं न्हाई. मिरवू दे म्हणली असंल, दोन दिस. फेटा बी काढून ठेवला असंल कुठंतरी. …हाय? हाय बघा, सेटरच्या खाली हाय. त्येच्यासाठी ठेवलाय. गुलाबी रंग त्येला चांगला दिसतोय, हे बी खरंच हाय, त्यो गोरा, मी काळा. — मी रडत न्हाई ओ, चुलीचा धूर आलाय. ग्यास हाय? ग्यास हाय व्हय आमच्याकडं. बरं, मग रडतोय असं समजा. त्या भाऊच्या बोटांपुढं माझ्या बेचाळीस पायऱ्या मोठ्या वाटल्या मला, ह्येची लाज वाटतीया. पयल्यांदा एक पोहणं दिलं त्येनं मला उसनं, आन् त्येचा उभा जल्म मी त्यात घालवला. आता त्येला टाळ्या मिळणार तर त्या बी मीच घेऊ?

न्या त्येला. अंजना येईल संगट, त्येच्या खुणा तिला कळत्यात. तितं सांगा, वहिनी हाय म्हणून, ती खरीच हाय. — मी बी चला? नको. नको म्हणतोय न्हवं? माझं तोंड मला म्हाईत हाय. अर्ध्या घटकंत तुमाला सगळं वकलो, तितं माईक समोर आला तर मी खालच्या मासळीपास्नं कृष्णेच्या घाटापतोर सगळं सांगून मोकळा हुईन, आन् ह्येची म्हातारपणीची पेन्शन घालवीन. मला घरात ठेवणं हेच शहाणपण. म्हस हाय, पाट हाय, ऊसाला पाणी द्यायचंय. गाठ सोडायला कुणी न्हाई, तेवढं एक अवघड. चार दिस म्हस दावणीलाच पाणी पिईल.

आता नावाचं. नाव बदलू नका. भिंतीवर लालासाहेबच लिवा, फोटूखाली लालासाहेबच. तुमी काय ऐकलं न्हाई, मी काय बोललो न्हाई. हितं गावात त्येला सगळी भाऊसो म्हणत्यात, पण तितं नका म्हणू. तितं भाऊसो नावाचा कुणी कधीच न्हवता. अडतीस वर्षं घंटा झाली की, सायेब वरडला की, टेकू पडला की, एकच हाक आलीया त्येला त्या हौदात. तुमी तितं नेऊन लालासाहेब म्हणून हाक मारा आन् बघा कसा ताठ हुतोय. — विश्वास न्हाई? हितनंच मारा की. मी न्हाई मारत, माझ्या तोंडात बसत न्हाई ते. तुमी मारा. मोठ्यानं मारा, सायबासारखी.

…जी!

बघितलंसा? उठला की न्हाई? दोरी टाकून उभा राहिला, छाती बघा, हात बघा कसं शिवणीला — काय? मी? मी ‘जी’ म्हणलो व्हय? …चुकून निघालं ओ तोंडातनं. सत्तर वर्षाची सवय, एका दिसात कशी जाईल. जाईल हळूहळू. उठवा त्या डायवरला. निघा आता.